मदत हवी आहे : मॉरिशसच्या गणपतीत बाबांचं खंजिरी भजन

नमस्कार मंडळी, आम्ही मोझरीकडचे. बाबा भावाकडे मॉरिशसला जायला तयारच नव्हते. "पोळ्याच्या टायमाले बैलं सोडून कुठी जाऊ मी?" हाच धोशा. कसेबसे गेले. आता तिथल्या मराठी शेजाऱ्यांनी त्यांना असं ओढून घेतलंय, की फोनवर दुसरा विषय नाही! एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्यांचे हे वंशज. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, झाकरी हा आपला पारंपरिक नाच नाचतात. त्यांनी बाबांना तुकडोजी महाराजांचं भजन म्हणायला सांगितलंय.

पण खंजिरी घरीच राहिली. शेजारी रावान देतो म्हणतात. तिथल्या सेगा या लोकनाचातलं हे बकरीच्या कातड्याचं वाद्य, आधी जाळावर शेकून ताणतात. खंजिरीपेक्षा बरंच मोठं, मांडीवर टेकवून वाजवायचं. त्यावर आपला ठेका कसा बसवावा? भजनी मंडळातल्या कोणी सांगाल का? तिथली पोरं घरात क्रिओल बोलतात, तर ध्रुपद पटकन उचलता येईल असं भजन सुचवा. आणि कोणी तिकडे जाणार असेल तर खंजिरी पाठवायची आहे. कातड्याचं वाद्य विमानतळावर अडवतात का?