१६:८ उपासाने चयापचय मंदावतो की वाढतो?

शंकासूर: १६ तास काही खायचं नाही, उरलेल्या ८ तासांत जेवायचं. कुणी म्हणतं याने चयापचय मंदावतो, कुणी म्हणतं वाढतो. नक्की काय होतं? खाण्याच्या वेळेत कॅलरी मोजाव्या लागतात का? आणि पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरून मग काटा अडून का बसतो?

तराजू: दोन्ही म्हणणी खरी आहेत, पण वेगवेगळ्या उपासांबद्दल. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ११ निरोगी माणसं चार दिवस उपाशी होती. त्यांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च सुरुवातीला थोडा वाढलाच, कारण रक्तातलं शरीराला सतर्क करणारं संप्रेरक, नॉरॲड्रेनलिन वाढलं. याउलट १९४४-४५च्या मिनेसोटा प्रयोगात ३६ पुरुषांना २४ आठवडे जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं, तेव्हा तो खर्च सुमारे ४० टक्के घटला. त्यातलाही बराच भाग शरीरच आटल्यामुळे. १६ तासांत यातलं काहीच म्हणण्यासारखं घडत नाही. चयापचय मंदावतो तो महिनोन्महिने कमी खाल्ल्याने आणि वजन घटल्याने, मग घड्याळ लावा नाहीतर नका लावू.

काट्याचं उत्तर पाण्यात आहे. यकृत आणि स्नायूंत मिळून पाचेकशे ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा साठा) असतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा उतरला की पाणीही जातं. दोन किलो निव्वळ चरबी आठवड्यात घालवायची तर रोज २२०० कॅलरींची तूट लागेल (किलोला ७७०० धरून). म्हणजे काटा अडला नाही, खऱ्या वेगावर आला.

दोन_चमचे: मोजणं टळत नाही. २०२२च्या एका वर्षभराच्या चाचणीत १३९ लठ्ठ व्यक्तींच्या दोन्ही गटांना सारख्याच कॅलरींची मर्यादा होती. एका गटाला वर वेळेचं बंधनही. घट ८ किलो विरुद्ध ६.३, आणि हा फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नव्हता. उपासाचा उपयोग इतकाच, की खाण्याच्या वेळा कमी झाल्याने बऱ्याच जणांचं खाणं आपोआप घटतं. सगळ्यांचं नाही.

विश्रांतीत दिवसाला किती कॅलरी खर्च होतात त्याचा हिशेब असा: पुरुषासाठी १० × वजन + ६.२५ × उंची (सेंमी) − ५ × वय + ५. स्त्रीसाठी शेवटी +५ऐवजी −१६१. ८० किलो, १७० सेंमी, ४० वर्षांचा पुरुष: १६६८. बैठं काम असेल तर × १.४, म्हणजे २३३५. त्यातून ४००-५०० वजा करा. हा अंदाजच आहे; तीन आठवड्यांची सरासरी वजनं बघून आकडा सुधारायचा.

घोळ होतो तो तेलात. १५ मिलीच्या चमच्यात १२० कॅलरी. बाटलीतून अंदाजाने ओतलं की दोनाचे तीन कधी होतात कळत नाही, आणि तीन म्हणजे ३६०, जवळपास अख्खी तूट. बाटली वजनकाट्यावर ठेवून ओतण्याआधी-नंतरचा फरक बघा, भांडीही घासायला नकोत.

शंकासूर: आणि स्नायू? दोन जेवणांत प्रथिनं बसतात का?

तराजू: खरी अडचण तीच. वजनाच्या किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरलं तर ८० किलोला ९६ ते १२८. दोन जेवणांत एका वेळी ५०-६० ग्रॅम, ते बहुतेकांना जड जातं. मग ८ तासांत तीनदा खा, उपास मोडत नाही. सोबत आठवड्यातून दोनदा वजनं उचला. नुसतं घड्याळ पाळलं तर उतरलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो.

पांढरा_कोट: मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांनी मात्रा बदलून दिल्याशिवाय १६ तास उपाशी राहू नका, रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. मधुमेहाच्याच एसजीएलटी२ गटाच्या गोळ्यांत धोका वेगळा: साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन नावाची आम्लं साठून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, त्यामुळे ग्लुकोमीटरवरचा आकडा बघून निश्चिंत राहता येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर कीटोन तपासून घ्या. गरोदरपणात आणि खाण्याच्या विकारांचा इतिहास असेल तर हा प्रकार नकोच.