दुपार झाली की चार नंबरचं ब्लेड रीस्टार्ट. बदलू का?

बुटीबोरी_ट्रेनी:
नमस्कार. बुटीबोरीच्या एका साइटवर लागून तीन महिने झाले. १४ स्लॉटची जुनी एटीसीए शेल्फ आहे, म्हणजे टेलिकॉमची ब्लेडं (मोठी सर्किट कार्डं) लावायची पेटी. मधल्या सात-आठ नंबरला स्विच ब्लेड, बाकी सर्व्हर ब्लेड. पाच अन् सहा रिकामे, ते ब्लेड रिपेअरला गेलेत. दुपारी दोन ते चारच्या मध्ये चार नंबरचं ब्लेड आपोआप रीस्टार्ट होतं. जोडीचं ब्लेड लोड उचलतं, पण अलार्म येतो आणि साहेब मलाच बोलतात. रात्री शांत. एसी चालू, रूम २४ डिग्री. नवीन ब्लेड मागवू का?

अठ्ठेचाळीस_व्होल्ट:
आधी शेल्फला येणारे उणे ४८ व्होल्टचे ए आणि बी फीड, म्हणजे दोन वेगळे वीजपुरवठे, मोजा. आणि मागे कुठून येतात तेही पाहा.

कुलरवाला_काका:
थांब भाऊ, ब्लेड नको मागवू. पाच-सहा रिकामे म्हणतोस, त्यावर फिलर पॅनल, म्हणजे रिकामा स्लॉट झाकायच्या पट्ट्या, आहेत का? का नुसते उघडे?

घरच्या कुलरची एका बाजूची ताटी काढून पाहा. पंखा तिथूनच हवा ओढते, बाकी खस तशीच, घरात गरम वाफ. शेल्फचंही तसंच. हवा खालून वर, प्रत्येक ब्लेडच्या अंगावरून गेली पाहिजे. स्लॉट उघडा असला की ती सोपी वाट धरते, अन् शेजारचं ब्लेड भाजून निघते. तुझं चार नंबर नेमकं शेजारीच आहे ना!

आणि २४ डिग्री कुठल्या थर्मामीटरवर? एसीच्या तोंडाशी लावलेला असेल तर तो एसीचीच तारीफ करून राहिला. शेल्फ मॅनेजरमध्ये (शेल्फवर नजर ठेवणारं कार्ड) इनलेटचा, म्हणजे हवा आत येते तिथला, अन् ब्लेडचा सेन्सर पाहा. खालचा एअर फिल्टर ओढून उजेडात धर. मी एकदा मे महिन्यात दोन चांगली ब्लेडं बदलून मोकळा झालो होतो. तिसऱ्या दिवशी फिल्टर काढला तर हातात गोधडीच आली.

पॅनल नाही म्हणून पुठ्ठा नको लावू.

कधी ब्लेड काढायचंच झालं तर हँडल अर्धं उघड अन् निळा दिवा पाहा. लुकलुकत असला तर हात लावू नको, स्थिर झाला की ओढ. मी लुकलुकताना ओढलं होतं. रात्रभर ओएस टाकत बसलो.

बुटीबोरी_ट्रेनी:
काका, पॅनल जुन्या बॅटऱ्यांच्या मागे कपाटात सापडले. स्लॉट उघडेच होते! पॅनल लावले, फिल्टर धुतला, पूर्ण वाळवूनच बसवला. चार नंबरचा सेन्सर काल दुपारी ७१ वर होता, आज तीन वाजता ५८. अलार्म नाही.

फीडही पाहिले. ए आणि बी दोन्ही एकाच एमसीबीवर निघाले.

अठ्ठेचाळीस_व्होल्ट:
वाटलंच. म्हणजे त्या एमसीबीनं मान टाकली की दोन्ही स्विच ब्लेड, जोडीचं ब्लेड, सगळं एकदमच. बी ला वेगळा ब्रेकर हवा, जमलं तर वेगळ्या बोर्डावरून.

बुटीबोरी_ट्रेनी:
साहेबांना कोण सांगणार?

कुलरवाला_काका:
मेल कर बाप्पा. तोंडी सांगितलेलं विसरून जातेत.