ठाकरसींचे पंधरा लाख आणि गिरणीतल्या बायका

हिंगण्याची लेक
काल इथे कोणी लिहिलं, "सर विठ्ठलदास ठाकरसी नसते तर महिला विद्यापीठ कधीच बंद पडलं असतं, कर्वे नुसते निमित्त." वाचून झोप लागली नाही. विद्यापीठ, आजचं एसएनडीटी, १९१६ चं; ठाकरसींची पंधरा लाख रुपयांची देणगी १९२० ची. मधली चार वर्षं अण्णांनी, म्हणजे कर्व्यांनी, दारोदार हिंडून, मिळेल ती वर्गणी गोळा करून ते जगवलं. पंधरा लाख मोठेच, पण ठाकरसींच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव विद्यापीठाला लावायचं ठरलं तेव्हा मिळाले. अण्णांनी स्वतःचं नाव कुठे मागितलं?

गिरणगावचा नातू
नावाचं सोडा हो. ठाकरसी गिरणीमालक, पैसे आले कुठून ते बोला. पहिल्या महायुद्धात कापडाचे भाव चढले, मालकांनी तुफान नफा कमावला आणि कामगाराला महागाई. १९११ च्या कायद्याने गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांचा! १९१९ च्या जानेवारीत संप, १९२० च्या जानेवारीत पुन्हा संप. देणगी त्याच वर्षी. माझी आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर होती, जन्मभर अंगठा उठवून पगार घेतला. तिच्या घामावर कोणाच्या मुली शिकल्या?

पुणेरी वाचक
नफा सगळ्याच मालकांनी कमावला. त्यातल्या कितींनी बायकांच्या शिक्षणाला एवढी रक्कम दिली? १९११ मध्ये लल्लूभाई सामळदासांबरोबर सहकारी बँक उभी करणारे हेच. खेड्यातल्या शेतकऱ्याला सावकाराशिवाय कर्ज मिळावं म्हणून. तीच पुढे राज्य सहकारी बँक झाली. तुम्हाला शेतकरी दिसत नाही, फक्त भोंगा ऐकू येतो.

गिरणगावचा नातू
भोंगा तुमच्या घरात वाजला असता तर असं बोलला नसता. पहाटे पोरं झोपेत टाकून निघायची ती.

मराठी शाळेतली बाई
खरी गोष्ट कोणीच बोलत नाही! त्या महिला विद्यापीठात शिक्षण मातृभाषेतून होतं, इंग्रजी फक्त एक विषय. शंभर वर्षांपूर्वी! सरकारने १९५१ पर्यंत कायद्याने मान्यता दिली नाही, तरी चालवलं. आणि आज माझ्या वर्गात अकरा मुलं उरलीत. बाकीची इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये.

पुणेरी वाचक
मातृभाषा नोकरी देत नाही, बाई. माझ्या मावशीने तिथली पदवी घेतली, मुलाखतीला गेली की विचारायचे, "ही कुठली पदवी?" दोन वर्षं घरी बसली.

मराठी शाळेतली बाई
चूक भाषेची की विचारणाऱ्याची? तुमच्या मावशीला पदवी मिळाली ती मराठीत शिकता आलं म्हणूनच ना? त्या काळी लग्न झालेल्या मुलीने इंग्रजीतून मॅट्रिक कधी करायचं होतं?

पुणेरी वाचक
मावशीला मध्ये आणू नका.

मराठी शाळेतली बाई
तुम्हीच आणलीत.

पुणेरी वाचक
बरं, आणली. मराठी नसती तर ती शिकलीच नसती, एवढं कबूल. नोकरीचं मात्र माझंच खरं.

हिंगण्याची लेक
मूळ मुद्दा माझा होता! जपानच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून कल्पना सुचली ती अण्णांना. ठाकरसींनी ती ओळखली, याबद्दल मी त्यांना नमस्कार करते. नातूसाहेब, तुमच्या आजीला माझ्या विद्यापीठाने शिकवलं नाही, हे मला टोचतंय. तिथे पोचल्या त्या बहुतेक वरच्या जातीतल्या मुली. अण्णांच्या हिंगण्याच्या विधवांसाठीच्या आश्रमाबद्दलही हेच म्हणावं लागतं, नाइलाजाने म्हणते.

गिरणगावचा नातू
पैसे दिले, चांगल्या कामाला दिले, नाकारत नाही. देणगीनंतर दोनच वर्षांत, १९२२ मध्ये ठाकरसी गेले. नाथीबाईंचं नाव मुलाने ठेवलं, बरं केलं. माझ्या आजीच्या नावाच्या जागी पगारपत्रकात आजोबांचंच नाव होतं, 'ची बायको' असं जोडून. तिचं नाव चंद्रभागा.