भरलेली कयाक दोघांनी पाण्यापर्यंत न्यायची कशी?

पुणेरी_वल्हं:
आमची कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) प्लॅस्टिकची, पाच मीटर लांब, रिकामी २८ किलो. दोन रात्रींचा तंबू, स्टोव्ह, शिधा आणि २० लिटर पाणी भरलं की साठीच्या पुढे जाते. गेल्या महिन्यात मालवणजवळ देवबागला समुद्राच्या बाजूने निघालो. मुक्कामाच्या अंगणातच सगळं भरलं आणि दोन टोकांच्या मुठी धरून उचलली. चाळीसेक पावलांवर मागच्या मुठीची दोरी तुटली. कयाक माझ्या पोटरीवर, बायको वाळूत. कशीबशी पाण्याशी नेली तर लाटेने आडवी केली. कंबर अजून धरलेली आहे. चाकांची गाडी घ्यावी का?

खाडीकाठचा:
गाडीचं नंतर बघा. आधी अंगणात भरणं सोडा. रिकामी कयाक पाण्याशी न्यायची, सामान बाजाराच्या मोठ्या पिशव्यांतून मागाहून. मला चार खेपा लागतात, लागू देत. २० लिटरचा एकच कॅन नको, पाच-पाचचे चार घ्या आणि सीटच्या लगेच मागे, तळाशी ठेवा. टोकांत कपडे, अंथरुण असलं हलकं काहीतरी. पुढचं टोक जड झालं की ते लाटेवर चढत नाही, लाटेत घुसतं.

भरायचं ते भरती चढत असताना, ओल्या वाळूवर. मी एकदा ओहोटीला भरायला घेतलं, मध्ये चहा घेतला (चूक चहाची नव्हती), तोवर पाणी वीस पावलं मागे गेलेलं. चढत्या भरतीत पाणीच कयाक उचलतं, फक्त एकाने धरून राहायचं.

आणि कयाक व किनारा यांच्या मध्ये कधीही उभं राहू नका. कॉकपिटात (बसायच्या खोलगट जागेत) शंभर लिटर पाणी शिरलं तर शंभर किलो वाढले, त्यात तुमचं सामान. लाटेने ते गुडघ्यावर आणून आपटलं तर पोटरीवर भागणार नाही.

मालवणी_होडेकार:
देवबागेत समुद्राच्या बाजून कित्याक गेलात? पाठीमागे कर्लीची खाडी आसा, थंय लाट नाय. फक्त संगमार ओहोटीच्या वेळेक जाव नका. खाडीचा पाणी भायर येता, समोरसून लाट येता, आणि थंयच उभी फुटता. जेटीच्या पायऱ्यांर कालवां आसतत, चपलां घाला.

पुणेरी_वल्हं:
खाडीचं डोक्यातच आलं नाही! पण संध्याकाळी मुक्कामाला भरलेली कयाक भरतीच्या रेषेच्या वर ओढावी लागते, तेव्हा?

खाडीकाठचा:
तेव्हाही आधी पाणी आणि शिधा काढा. अगदीच इलाज नसेल तर चार माणसं आणि तळाखालून घातलेले दोन रुंद पट्टे. मुठी रिकाम्या कयाकसाठी असतात. गाडी घेतलीत तर फुगीर टायरची घ्या, बारीक चाकं कोरड्या वाळूत रुततात.

पुणेरी_वल्हं:
पट्टे आजच शिवायला टाकतो. बायको म्हणते, पुढच्या खेपेला ती फक्त अंथरुणाची पिशवी धरणार.