मदत हवी आहे : भाकरी भाजताना लहान मुलीला कुठे बसवावे?

आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. मी जोंधळ्याची भाकरी थापायला घेतली की माझी २ वर्षांची मुलगी परातीत हात घालते, आणि तिला दूर लोटण्यापेक्षा पिठाचा लहानसा गोळा देऊन जवळ बसवावे, असेच मला मनापासून वाटते. मेथी निवडायलाही तिला फार आवडते. शेंगदाण्याचे मात्र मी कूटच वापरते, कारण अख्खा दाणा या वयात श्वासनलिकेत अडकू शकतो. खरी अडचण तव्याची आहे : शेगडी कट्ट्यावर असली तरी मुलगी स्टूल ओढून तिथवर पोहोचते, आणि पाणी लावलेली भाकरी उलटताना वाफ एकदम वर येते. घरात दुसरे कोणी नसताना तेवढ्या वेळात आपण मुलांना कोणते काम देता, हे कृपया सविस्तर कळवावे.