मदत हवी आहे: ‘तज्ज्ञांचं मत आणा’ म्हणतात, ते आणायचं कुठून?

हार्बरवाली

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझी मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीला आहे. शाळेचं नाव देत नाही. इमारत एक, माध्यमं तीन, मुख्याध्यापक तीन आणि मधल्या सुट्टीत पाण्याचा नळ एकच, अशी नेहमीची कथा. यंदा मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. निवडून वगैरे नाही, दुसरं कुणी हात वर केला नाही म्हणून. जूनपासून कुजबुज आहे की पुढच्या वर्षी मराठीची पहिली उघडणार नाही, आहेत ती मुलं हायवेपलीकडच्या शाळेत ‘समायोजित’ करणार आणि रिकामे वर्ग इंग्रजीला जाणार. लेखी काहीच नाही. गेल्या आठवड्यात आम्ही चौघीजणी साहेबांना भेटलो. माणूस तसा बोलायला बरा होता. म्हणाले, “ताई, भावना मला कळतात, पण भावनेवर फाइल पुढे सरकत नाही. तज्ज्ञांचं मत आणा, संशोधन आणा. दोन पानांत बसवा.” तीन आठवड्यांनी परत बोलावलंय.

मी बी.कॉम. एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेब बघते. व्हाउचर नसेल तर मी चहाचे वीस रुपयेसुद्धा खर्ची टाकत नाही, त्यामुळे साहेबांचं म्हणणं मला पटलंच. पण हाताशी आहे काय? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं एक ‘युनेस्कोच्या मते’, त्यात साल नाही. पेपरातली कात्रणं, त्यात ‘शिक्षणतज्ज्ञांचे म्हणणे आहे’, पण कोणत्या तज्ज्ञाचं ते नाही. गुगलवर ‘मराठी शाळा महत्त्व’ टाकलं तर निबंध निघाले, तेही दहावीचे.

खरं संशोधन सापडतं कुठे? मुंबईत कुठे जाऊन बघता येईल? आणि अमका खरंच तज्ज्ञ आहे हे माझ्यासारखीने ओळखायचं कसं?

खडूफळा

ताई, छत्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत काढली, त्या अनुभवावर सांगतो. साहेबाने संशोधन मागितलं तरी पहिल्या अर्ध्या पानात कायदा घाला. संशोधनावर ‘मतभेद आहेत’ म्हणता येतं, कलमावर म्हणता येत नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यातलं कलम २९ अभ्यासक्रमाबद्दल आहे. शक्य तितपत शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं, असं त्यात लिहिलंय. ‘शक्य तितपत’ हे दोन शब्द गाळू नका, साहेबांना ते पाठ असतात. दुसरं कलम २१ आणि २२. समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि शाळा विकास आराखडा करण्याचं काम समितीचं. तुम्ही तिथे विनंती घेऊन आलेल्या बाया नाही आहात, तुम्हाला कायद्याने काम दिलेलं आहे. आराखड्यात पहिलीच्या वर्गाबद्दल काय लिहिलंय ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी तो आराखडा मुख्याध्यापकांच्या कपाटात असतो आणि सह्या तेवढ्या समितीच्या.

हायवेचं म्हणालात म्हणून. राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. चालत मोजा. नकाशावर सरळ रेघ ओढून नव्हे, पुलावरून जाऊन.

चष्मिष्ट

मी शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करतेय (पाचवं वर्ष, पुढचं विचारू नका). जमेल तेवढं सांगते, लांब होईल.

आधी प्रश्न बारीक करा. ‘मराठी माध्यम चांगलं का’ यावर संशोधन नसतं, भाषणं असतात. तुमचे प्रश्न मला तीन दिसतात. एक, घरच्या भाषेतून सुरुवात केली तर मूल वाचायला आणि गणित करायला जास्त चांगलं शिकतं का. दोन, तुमच्या शाळेत मुलं कमी होतायत ती माध्यमामुळे की शिकवण्यामुळे. तीन, या वयात मुलं दुसरीकडे हलवली तर ती टिकतात का. प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या जागी आहे.

पहिल्यासाठी युनेस्को खरंच आहे, पण मूळ दस्तऐवज गाठा. १९५३ चा देशी भाषांमधून शिक्षणाबद्दलचा अहवाल आणि २०१६ चं धोरणपत्र, दोन्ही त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरचं वाक्य त्यात सापडलं तर वापरा, नाही सापडलं तर सोडून द्या. भारतातलं नाव हवं तर अजित मोहंती. ओडिशातल्या कोंध मुलांवर त्यांचं अनेक वर्षांचं काम आहे. धीर झिंगरन यांचंही बघा, ते आधी प्रशासकीय सेवेत होते, त्यामुळे त्यांचं लिखाण साहेब लोकांना पचतं. जिम कमिन्स हे कॅनडाचं नाव सगळीकडे दिसेल. बोलण्यापुरती भाषा दोनेक वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात, हे त्यांचं म्हणणं. फक्त ते स्थलांतरितांच्या मुलांवरून आलंय, ते जसंच्या तसं आपल्या चाळीवर चिकटवू नका.

आणि हे खास तुमच्यासाठी: पालघर जिल्ह्यातल्या मराठी शाळा आणि कर्नाटकातल्या यादगीरच्या कन्नड शाळा अशा दोन ठिकाणी मुलं वाचायला कशी शिकतात याचा काही वर्षं चाललेला अभ्यास आहे. शैलजा मेनन यांनी तो केला, पालघरला वाड्याची क्वेस्ट संस्था सोबत होती. शाळेतली मराठी आणि मुलाची घरची बोली यांतलं अंतर हा त्यातला महत्त्वाचा भाग. मुंबईपासून दोन तासांवरचं संशोधन सोडून आपण कॅनडाला जातो, असो.

शोधायचं कसं, तर शब्द इंग्रजीच टाका. ‘मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन’, ‘मदर टंग’, सोबत ‘इंडिया’, ‘प्रायमरी’, आणि हे गुगलवर नाही, गुगल स्कॉलरवर. लेखाखाली तो पुढे किती जणांनी उद्धृत केला ते दिसतं, त्यावर टिचकी मारली की नवं काम सापडतं. दुसरी युक्ती शोधगंगा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे प्रकरणवार उघडतात, मराठीतलेसुद्धा. अख्खा प्रबंध वाचू नका, मीही वाचत नाही. दुसरं प्रकरण उघडा. तिथे आधीच्या संशोधनाचा आढावा असतो, म्हणजे दुसऱ्या कुणी चार वर्षं घालवून केलेली यादी तुम्हाला आयती मिळते.

तज्ज्ञ ओळखायचं तर मी तीन गोष्टी बघते. या माणसाने याच विषयावर स्वतः काही तपासलंय का, की सगळ्याच विषयांवर बोलतो? पद्धत लिहिलीय का: किती शाळा, किती मुलं, किती काळ? आणि आपल्या कामातल्या उणिवा तो स्वतः सांगतो का? तिसरी नसेल तर मी सावध होते. टीव्हीच्या चौकटीत नावाखाली ‘शिक्षणतज्ज्ञ’ लिहायला काही परीक्षा द्यावी लागत नाही.

उलटतपासणी

वाईट वाटून घेऊ नका, पण समोरचा काय म्हणेल तेही लिहितो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये कर्नाटकच्या प्रकरणात सांगितलंय की मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती सरकार करू शकत नाही, निवड पालकांची. साहेब म्हणतील, पालकच इंग्रजी मागतायत. तुमच्याच इमारतीतल्या किती मराठी घरांतली मुलं खालच्या मजल्यावर इंग्रजीला आहेत ते मोजा एकदा.

शिवाय ‘मातृभाषा’ हा शब्द जपून वापरा. मराठी शाळेतल्या सगळ्या मुलांच्या घरी पुस्तकातली मराठी बोलतात का? आमच्या वस्तीत गोरमाटी आहे, वडारी आहे, कोकणातली बोली आहे.

आणि ‘असर’चे, म्हणजे प्रथम संस्थेच्या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचे, आकडे लावू नका. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी लावतं. असर फक्त ग्रामीण भागात होतो, त्यात मुंबई नाही. प्रथम संस्था मुंबईत जन्मली ही त्यातली गंमत.

मीच_तो

सगळं आधीच ठरलेलं असतं. जागा कुणाला द्यायचीय ते शोधा, संशोधन आपोआप सापडेल.

हार्बरवाली

मीच_तो, असेलही. पण मला तीन आठवड्यांत दोन पानं द्यायचीत, जागेचं नंतर बघू.

उलटतपासणी, तुमचं वाचून पहिल्यांदा राग आला, मग वही काढली. आमच्या तिसरीत २३ मुलं. मुख्याध्यापक बाईंनी हजेरीपट बघू दिला आणि मी एकेकाच्या आईला विचारलं. १५ घरांत मराठी, ४ घरांत गोरमाटी, बाकी हिंदी नाहीतर तेलुगू. म्हणजे ‘मातृभाषा’ लिहिलं असतं तर साहेबांनी तिथेच पकडलं असतं. आता ‘मुलाला आधीपासून कळणारी भाषा’ असं लिहिणार. ती मुलं गल्लीत मराठीच बोलतात.

दूरही मोजलं. पुलावरून चालत १ किलोमीटर ३०० मीटर, फोनवर. खडूफळा सर, धन्यवाद.

आता अडलंय ते दुसऱ्या प्रश्नावर, मुलं का कमी होतायत. गेल्या पाच वर्षांचे माध्यमवार आकडे हवेत. माहिती अधिकार टाकू का?

खडूफळा

टाका, पण त्यावर विसंबू नका. १० रुपयांत अर्ज होतो, मात्र उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि तुमची बैठक त्याआधी. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, तेव्हा पाच वर्षांचा माध्यमनिहाय पट एवढंच विचारा. त्यात नळाची तक्रार घालू नका.

तोपर्यंत दोन वाटा आहेत. शाळेचा अकरा आकडी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, मुख्याध्यापकांकडून घ्या. त्यावर सरकारच्याच संकेतस्थळावर शाळेची माहिती उघडते. आणि प्रजा फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेचे मुंबईच्या महापालिका शाळांवरचे अहवाल चाळा. माहिती अधिकारातून मिळवलेले आकडेच ते वापरतात, तुमचे ३० दिवस त्यांनी आधीच मोजलेत.

चष्मिष्ट

दुसऱ्या प्रश्नासाठी एक मुंबईचाच अभ्यास आहे आणि तो मी पहिल्या उत्तरात विसरले, माझी मलाच लाज वाटली. बालसखी. प्रथमचा उपक्रम, मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांमध्ये. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं वर्गातून वेगळी काढून वस्तीतल्याच एका तरुणीने रोज दोनेक तास वाचन आणि गणिताचा पाया पक्का करून घ्यायचा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि दोन सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून शाळा निवडल्या आणि फरक मोजला. निबंध २००७ चा. मुलांचे गुण वाढले, दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा जास्त. बॅनर्जी-डफ्लोंना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, ते निवेदनात एका ओळीत टाका. साहेब तिथे थांबतील.

हा अभ्यास माध्यमाबद्दल नाही, हे प्रामाणिकपणे लिहा. पण माध्यम न बदलता, इमारत न बदलता महापालिकेच्या शाळेत मुलं पुढे गेली, हे तो दाखवतो.

उलटतपासणींसाठीही एक. आंध्रमध्ये कार्तिक मुरलीधरन आणि सुंदररामन यांनी सोडतीने मुलांना खासगी शाळेत जायची संधी दिली. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात सरकारी शाळेतल्या मुलांपेक्षा ती पुढे नव्हती. हिंदीत मात्र होती, कारण तिथल्या सरकारी शाळांत हिंदी शिकवतच नव्हते. शिवाय खासगी शाळेचा दर मुलामागचा खर्च बराच कमी. बघा, एकाच निबंधात दोन्ही बाजूंना दारूगोळा आहे. निवेदनात दोन्ही लिहा. आपल्याला गैरसोयीचं आहे ते आपणच आधी सांगितलं की पुढचं लोक लक्ष देऊन वाचतात.

उलटतपासणी

हे मान्य. २०१५ चा ना तो? वाचलाय. सेमी-इंग्रजीचा विचार केलात का ताई? गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. पालकांपुढे ‘मराठी की इंग्रजी’ असा दोनच दारांचा प्रश्न ठेवला तर तुम्ही हराल. तिसरं दार आपल्याच राज्यात आहे.

हार्बरवाली

सेमीचं कालच्या पालकसभेत काढलं. इंग्रजी मागणाऱ्या नऊपैकी सहा जणी म्हणाल्या, ‘पहिली उघडली आणि सेमी दिलं तर आम्ही इथेच.’ मी कागदावर त्यांच्या सह्या घेतल्या. माझ्या मते हेच सगळ्यात मोठं व्हाउचर, पण ते संशोधनात मोडतं का माहीत नाही.

चष्मिष्ट

मोडतं. तारीख, जागा, किती पालक हजर, किती जणांना विचारलं आणि नेमका प्रश्न काय विचारला ते लिहा. हजर नव्हते त्यांचा आकडासुद्धा.

हार्बरवाली

लिहिलं. एकतीस घरांपैकी एकोणीस आली होती.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मधला ४.११ चा परिच्छेदही काढला. किमान पाचवीपर्यंत घरची किंवा स्थानिक भाषा, जिथे शक्य तिथे. पुन्हा ‘शक्य’. हा शब्द सरकारला फार आवडतो.

आता शेवटचं. बालसखीचा निबंध फोनवर उघडला, पण तक्ते बघून डोळे फिरले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं देवनारचं ग्रंथालय बाहेरच्यांना बघू देतात का? आमच्यापासून गोवंडी स्टेशन जवळच. तिथे बसून कुणी समजावून सांगणारं भेटलं तर दोन ओळी मी धड लिहू शकेन.

चष्मिष्ट

आधी फोन करून विचारा आणि समितीच्या सदस्य म्हणून मुख्याध्यापकांचं पत्र सोबत ठेवा. नाही जमलं तरी मी शनिवारी त्या बाजूला आहेच, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात एक काम आहे. गोवंडी स्टेशनबाहेर चहा घेऊन तक्ते समजावते, त्याला ग्रंथालय कशाला हवं. अकरा वाजता?

हार्बरवाली

अकराला चालेल. मुलीला घेऊन येईन, शनिवारी घरी कुणी नसतं. तक्त्यांची प्रिंट काढून आणते, तुमच्यासाठी एक जादा.

खडूफळा

निवेदन दिलंत की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.