बीएस्सी रसायन, पुणे विद्यापीठ २०२४ पॅटर्न: मायनर कोणता घेऊ? आणि जुने सीएच कोड नव्यात कसे लावू?

सिन्नरची_एसटी
नमस्कार मंडळी. एफवायला रसायन, भौतिक आणि गणित आहे. एसवायसाठी मेजर-मायनरचा (मुख्य आणि दुय्यम विषयाचा) फॉर्म भरायचाय. मेजर रसायन, ते ठरलंय, त्यावर चर्चा नको. प्रश्न दोन आहेत.

१) मायनर गणित की भौतिक? तिसरा विषय सुटणार.
२) एका सीनियर दादाने २०१९ पॅटर्नच्या (त्या वर्षी लागू झालेल्या अभ्यासक्रमाच्या) नोट्स आणि प्रश्नपत्रिका दिल्यात. गठ्ठ्यांवर सीएच-१०१, १०२, २०१, २०२, ३०१, ४०२ असं लिहिलंय. आमचे कोड सीएचई-१०१-टी असे. काहीच जुळत नाही.

अटी: पावणेचारची एसटी चुकली तर घरी पोचायला रात्र होते. क्लास लावणार नाही. पुस्तकांसकट वर्षाला दोन हजारांच्या वर जाता येणार नाही. पुढे जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) देऊन एमएस्सी करायची आहे. कृपया अटी वाचून उत्तर द्या.

ब्युरेट_वर_शून्य
गणित. डोळे झाकून. फिजिकल केमिस्ट्रीत थर्मोडायनॅमिक्सला आंशिक विकलन लागतं, कायनेटिक्सला इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन, क्वांटमला आयगेनव्हॅल्यू, हकेल थिअरीला डिटरमिनंट. एमएस्सीला गेलीस की ग्रुप थिअरी, म्हणजे पुन्हा मॅट्रिक्स. जॅमला न्यूमेरिकल उत्तराचे २० प्रश्न असतात, ३० गुणांचे, पर्याय दिलेले नसतात. तिथे आकडेमोड कच्ची असलेले सगळे आपटतात. एखादी चांगली ऑनलाइन बॅच लाव, टेस्ट सिरीजसकट वीसेक हजारांत बसते.

सिन्नरची_एसटी
दादा, वीस हजार? वर दोन लिहिलंय.

पॅटर्नपंडित
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्यावर इथे रात्रभर भांडण होणार आहे.

कोड जुळवायला जाऊच नकोस. या विद्यापीठात रसायनाच्या पेपरांना क्रमांक देण्याची पद्धत बदलत आलीय आणि प्रत्येक वेळी पहिल्या आकड्याचा अर्थ बदललाय.

२०१३ पॅटर्न: पहिला आकडा म्हणजे वर्ष. एफवाय वार्षिक होतं, सीएच-१०१ आणि १०२ वर्षभर चालायचे. टीवायला सीएच-३३१ फिजिकल, ३३२ इनऑर्गॅनिक, ३३३ ऑर्गॅनिक, ३३४ अ‍ॅनालिटिकल, ३३५ इंडस्ट्रियल. पुढच्या सत्रात तेच ३४१ पासून. प्रॅक्टिकल ३४७, ३४८, ३४९.

२०१९ पॅटर्न: पहिला आकडा म्हणजे सेमिस्टर. १०१ फिजिकल, १०२ ऑर्गॅनिक, १०३ प्रॅक्टिकल. दुसऱ्या सेमला २०१ इनऑर्गॅनिक, २०२ अ‍ॅनालिटिकल. एसवायला ३०१, ३०२ आणि ४०१, ४०२. टीवाय ५०१ पासून.

२०२४ पॅटर्न: पुन्हा वर्ष. पहिल्या सेमला १०१ पासून, दुसऱ्याला १५१ पासून, एसवाय २०१ आणि २५१ पासून. शेवटचा टी म्हणजे थिअरी, पी म्हणजे प्रॅक्टिकल. हे यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याला धरून आहे. तिथे १०० ते १९९ पायाभूत, २०० ते २९९ मध्यम, ३०० ते ३९९ वरच्या पातळीचे, ४०० ते ४९९ प्रगत असे गट आहेत.

म्हणून तुझ्या गठ्ठ्यातला सीएच-२०१ एफवायचा आहे, आणि तुला एसवायला येणारा सीएचई-२०१ वेगळाच. सीएच-३०१ एसवायचा, तर सीएचई-३०१ टीवायचा. ओळखायची खूण एकच: जुन्यात दोन अक्षरं, नव्यात तीन. झेरॉक्सवाल्याकडे ‘सीएच ३०१’ मागितलंस तर तो देईल ते घेऊन येऊ नकोस, पहिल्या पानावरचं पॅटर्नचं वर्ष बघ.

यूएससीएच_वाला
मुंबईत हा गोंधळ नाही. यूएससीएच५०१ फिजिकल, ५०२ इनऑर्गॅनिक, ५०३ ऑर्गॅनिक, ५०४ अ‍ॅनालिटिकल. शेंबडं पोरही सांगेल की पाचवं सेम.

पॅटर्नपंडित
आणि सिक्स युनिट, थ्री युनिट म्हणजे काय हे त्याच पोराला विचारा. एका गुणपत्रिकेवर चार केमिस्ट्री, दुसरीवर दोन, पदवी तीच.

यूएससीएच_वाला
तो विषय वेगळा आहे.

न्यूजर्सीकर
इकडच्या विद्यापीठांत ३००-लेव्हल म्हणजे साधारण तिसऱ्या वर्षाचा कोर्स. त्यामुळे २०१९ पॅटर्नचा सीएच-३०१ बघून माणूस फसतो, तो दुसऱ्या वर्षाचा असतो. २०१३ वाल्यांचं उलट: त्यांचा ३३१ खरंच तिसऱ्या वर्षाचा. कोर्स-बाय-कोर्स मूल्यांकनाला पाठवताना गुणपत्रिकेवर वर्ष आणि सेमिस्टर स्पष्ट आहे का बघा. त्या-त्या पॅटर्नच्या अभ्यासक्रमाची प्रत कॉलेजकडून साक्षांकित करून ठेवा. पास झाल्यावर सहा वर्षांनी जुना पॅटर्न संकेतस्थळावर शोधत बसण्यापेक्षा आत्ताच पीडीएफ उतरवून ठेवलेली बरी.

सिन्नरची_एसटी
पंडितकाका, कोड कळले. पण मग गठ्ठे लावायचे कशावर?

पॅटर्नपंडित
युनिटच्या नावावर. वहीचं एक पान घे, चार रकाने पाड: युनिट, जुना कोड, नवा कोड, तास. तुझ्याकडे आहेत त्यांची युनिटं सांगतो.

१०१: केमिकल एनर्जेटिक्स, केमिकल इक्विलिब्रियम, आयोनिक इक्विलिब्रिया.
१०२: ऑर्गॅनिकच्या मूलभूत कल्पना, स्टिरिओकेमिस्ट्री, अ‍ॅलिफॅटिक हायड्रोकार्बन.
२०१: अणुरचना, आवर्तिता, बॉण्डिंग.
२०२: अ‍ॅनालिटिकलची ओळख, त्यातली गणितं, सेंद्रिय संयुगांचं गुणात्मक विश्लेषण, क्रोमॅटोग्राफी, पीएच मेट्री.
३०१: कायनेटिक्स, अ‍ॅडसॉर्प्शन, एरर्स, व्हॉल्युमेट्रिक.
४०२: व्हीबीटी (व्हॅलन्स बॉण्ड थिअरी), सीएफटी (क्रिस्टल फील्ड थिअरी), अल्डिहाइड-कीटोन, कार्बोक्झिलिक आम्लं, अमाइन्स आणि डायअ‍ॅझोनियम क्षार, सायक्लोहेक्झेन.

आता खरी मेख. २०१९ ला एफवायला चार विषय होते, प्रत्येकाला दर सेम २+२ थिअरी आणि दीड प्रॅक्टिकल, म्हणजे साडेपाच क्रेडिट. साडेपाच चोक बावीस. तुमच्याकडे तीन विषय, प्रत्येकी २ थिअरी आणि २ प्रॅक्टिकल. ते झाले बारा, उरलेले दहा ओई (खुला ऐच्छिक), एसईसी (कौशल्य), एईसी (क्षमतावर्धन), व्हीईसी (मूल्यशिक्षण) वगैरेंत गेले. म्हणजे एफवायची केमिस्ट्री थिअरी सेमला ४ क्रेडिटवरून २ वर आली. १०१ ते २०२ मधलं सगळं पहिल्या वर्षात मावणारच नाही, काही पुढे सरकलं, काही गळलं. म्हणून ‘एफवायचा गठ्ठा’ म्हणून २०२ फेकून देऊ नकोस. एसवायच्या नव्या अभ्यासक्रमातलं युनिट वाच आणि जुन्या गठ्ठ्यात शोध.

प्रश्नपत्रिकांचं मात्र बरं आहे. २ क्रेडिटचा पेपर ५० चा, त्यात ३५ विद्यापीठाचे, १५ अंतर्गत. लिहायचा सराव त्याच मापाने होतो.

सहा_गणिती_सूत्रे
गणितच घ्या. थर्मोडायनॅमिक्सला आंशिक विकलन लागतं.

ब्युरेट_वर_शून्य
हे मी वर लिहिलंय.

सहा_गणिती_सूत्रे
लिहिलं असेल. पुन्हा सांगितल्याने खोटं होत नाही. शिवाय पुढे बीएड करायचं डोक्यात आलं तर विज्ञानाबरोबर गणित ही दुसरी अध्यापन पद्धत मागता येते. शाळांना गणित आणि विज्ञान दोन्ही घेणारा माणूस हवाच असतो.

कुरकुंभ_क्यूसी
मायनर-बियनर सोडा. कंपनीत मुलाखतीला कुणी मायनर विचारत नाही. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड बनव म्हटलं की दहातली आठ पोरं ४ ग्रॅम अचूक वजन करून लिटरभर करतात आणि म्हणतात झालं. अरे, ते प्रायमरी स्टँडर्ड नाही, म्हणजे नुसत्या वजनावरून अचूक द्रावण होत नाही. हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं. साधारण वजन घ्यायचं, उकळून गार केलेल्या पाण्यात करायचं आणि केएचपीने (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट) स्टँडर्डाइज करायचं. केएचपी ११० अंशाला सुकवून, डेसिकेटरमध्ये गार करून, २५० मिलीला ५.१०५ ग्रॅम. फिनॉल्फ्थॅलिन, फिकट गुलाबी अर्धा मिनिट टिकला पाहिजे. तीन वाचनं ०.१ मिलीच्या आत.

व्हीएससी (व्यवसाय कौशल्य) नावाचा जो कप्पा आहे ना, तो मेजरशी जोडलेला असतो. तिथे कॉलेज अ‍ॅनालिटिकल किंवा उपकरणांचं काही देत असेल तर ते घे. पॉलिमर आणि कॉस्मेटिक ऐकायला छान वाटतं.

पॅटर्नपंडित
कॉस्मेटिक आणि परफ्यूम २०१९ ला ५११ चा ब पर्याय होता, अ पर्याय एन्व्हायर्नमेंटल. ५१० ला मेडिसिनल किंवा पॉलिमर. पर्याय कागदावर दोन असले तरी बहुतेक ठिकाणी शिकवणारा असेल तोच एक चालतो. नव्या पॅटर्नलाही हेच धरून चाला: यादीतलं नाव बघून हुरळू नका, आपल्या कॉलेजात तो कोर्स प्रत्यक्ष उघडणार का ते विभागात विचारा.

यूएससीएच_वाला
५.१०५ की ५.१०६?

कुरकुंभ_क्यूसी
२०४.२२ भागिले ४०. पाच पूर्णांक एक शून्य पाच पाच. कसंही गोल करा, तराजू चार दशांशी असेल तर जे दिसेल ते लिहायचं आणि नॉर्मॅलिटी त्यावरून काढायची. नेमकं ५.१०५५ च टाकायला दहा मिनिटं चमचा झटकत बसणारेही असतात.

क्रेडिटचा_हिशेब
मूळ प्रश्नातली अट कुणी वाचलेली दिसत नाही, म्हणून लिहितोय. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं १ म्हणजे ३०. मायनरला २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल असलं तर ६० तास, १५ आठवड्यांत आठवड्याला ४ तास. ते ४ तास कुठल्या वेळात पडतात यावर तुझी एसटी ठरणार. विषय निवडण्याआधी दोन्ही विभागांच्या सूचनाफलकावरचं एसवायचं बॅचनिहाय वेळापत्रक बघून ये. बॅच रोल नंबरवर पडतात, नंतर बदलून मिळणं अवघड.

अजून दोन गोष्टी. ओई तुझ्या विद्याशाखेबाहेरचा लागतो, ‘दैनंदिन जीवनातलं रसायन’ छापाचा कोर्स बीएस्सीवाल्यांसाठी नाही, चुकून फॉर्मवर टिक करू नकोस. आणि एबीसी (क्रेडिट साठवायची बँक) खात्यात एफवायच्या दोन्ही सेमची क्रेडिट्स चढली का ते बघ. ती जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. नावाचं स्पेलिंग आधार आणि कॉलेजच्या नोंदीत वेगळं असेल तर बहुतेक वेळा तिथेच अडतं.

ब्युरेट_वर_शून्य
चार वर्षांचं ऑनर्स करणार असशील तर मायनर अजून महत्त्वाचा. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सेमला ७५ टक्के हवेत, आणि मग एमएस्सी एकच वर्ष. गणितात गुणही पडतात.

सहा_गणिती_सूत्रे
पडतात किंवा पडतच नाहीत. मधलं काही नसतं.

सिन्नरची_एसटी
सगळ्यांचे आभार. काल दोन्ही विभागांत जाऊन आले. गणिताचं प्रॅक्टिकल अडीच ते साडेसहा, एकच बॅच. भौतिकचं सकाळी साडेसात ते साडेअकरा आणि माझी सकाळची एसटी सातला पोचते. म्हणून मायनर भौतिक भरला.

पंडितकाका, रकाने पाडून बसले होते. २०२ चा गठ्ठा खरंच ठेवायला हवा होता, मी रद्दीत काढला होता, परत आणला.

ब्युरेट_वर_शून्य
भौतिक? एवढं सगळं सांगून?

क्रेडिटचा_हिशेब
तिने अट पहिल्याच पोस्टमध्ये लिहिली होती.

सहा_गणिती_सूत्रे
बरं, मग एवढं तरी घरी कर: आंशिक विकलन आणि एक्झॅक्ट डिफरन्शियल, पहिल्या कोटीची डिफरन्शियल इक्वेशन, ३×३ डिटरमिनंट, लॉगरिदमची सारणी न बघता लॉग २, ३, ७. अकरावी-बारावीची पुस्तकं आणि एफवायचं गणित यात बरंचसं आलंय, पैसे पडत नाहीत. जॅमला कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचा असतो, माऊसने दाबायचा. त्याची सवय आधी कर, नाहीतर वेळ त्यातच जातो.

कुरकुंभ_क्यूसी
भौतिकच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर आणि एरर नीट शिकवतात, वाईट नाही.

निफाडचा_बॅकलॉग
ताई, तुमच्याकडे सीएच-३०२ चा गठ्ठा आहे का? २०१९ चा, दोन अक्षरी. माझा तोच एक राहिलाय.